डोकं धरलंय? आधी दिवस मोजा

"दुपारी चारनंतर डोकं धरतं, पित्त असेल का?" "कपाळ जड होतं, चष्म्याचा नंबर वाढला असेल का?" "मान आणि डोकं दोन्ही दुखतंय, बीपी तर नसेल?" "एकदा एमआरआय करून टाकला तर बरं ना?" डोकेदुखीबद्दल वाचक विचारतात ते बहुतेक प्रश्न या चारांत बसतात. प्रश्नाखाली त्यांनी दिलेलं वर्णन वाचलं की पुष्कळदा एकच चित्र दिसतं. दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं दुखणं, उलटी नाही, काम थांबत नाही, पण दिवस नासतो. ही तणावजन्य डोकेदुखी, म्हणजेच टेन्शन हेडेक. जगात सगळ्यात जास्त लोकांना होणारी डोकेदुखी हीच. तरीही तिच्यावर नीट उपचार घेणारे थोडे, कारण ती कुणाला आजार वाटतच नाही. मेडिकलमधून गोळ्या आणल्या की भागतं.

काही काळ भागतं, हे खरं. पुढे ते भागेनासं होतं आणि मग गोळ्या वाढतात. म्हणून या लेखात माझा भर दोन आकड्यांवर आहे: महिन्यातले किती दिवस डोकं दुखतं, आणि किती दिवस तुम्ही गोळी घेता. किती जोरात दुखतं हे तुम्हाला महत्त्वाचं वाटतं, ते साहजिक आहे. पण या डोकेदुखीत पुढचा निर्णय हे दोन आकडे ठरवतात.

हीच ती आहे का?

तणावजन्य डोकेदुखी अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत कितीही टिकू शकते. तिच्या खुणा अशा:

- कपाळ, दोन्ही कानशिलं, डोक्याची मागची बाजू आवळल्यासारखी वाटते. ठणका नसतो, दाब असतो.
- दुखणं सौम्य ते मध्यम. कुरकुरत का होईना, कामं होतात.
- जिना चढला, बाजारात जाऊन आलात, तरी ते वाढत नाही.
- उलटी होत नाही. प्रखर उजेड किंवा मोठा आवाज, यांपैकी एखाद्याचा त्रास होईल. दोन्हींचा एकदम होत नाही.

सोबत मान आणि खांदे आखडलेले असतात. कानशिलावर आणि मानेच्या मागे, जिथे केस संपतात तिथे, बोटांनी दाबून पाहा. तिथे दुखरे ठिपके सापडले तर अंदाज आणखी पक्का होतो.

जिन्याची परीक्षा लक्षात ठेवण्यासारखी आहे. अर्धशिशीत, म्हणजे मायग्रेनमध्ये, दोन मजले चढलात की डोकं आणखी ठणकतं आणि अंधाऱ्या खोलीत पडून राहावंसं वाटतं. बहुधा एक बाजू दुखते, मळमळतं, उजेड आणि आवाज दोन्ही सोसत नाहीत. उपचार न घेतल्यास हे ४ ते ७२ तास चालतं. एकाच माणसाला दोन्ही प्रकारच्या डोकेदुख्या असणं अगदी नेहमीचं आहे. तेव्हा "मला मायग्रेन आहे" एवढ्यावर थांबू नका. आज दुखतंय ते कोणतं, हे दर वेळी पाहा, कारण औषधं वेगळी आहेत.

कारण काय? कवटीभोवतालच्या आणि मानेच्या स्नायूंतल्या वेदना सांगणाऱ्या नसा हळव्या होतात. वारंवार दुखत राहिलं तर मेंदूतली वेदनेची यंत्रणाही हळवी होते आणि एरवी जाणवणार नाही असा ताणसुद्धा दुखू लागतो. कामाचा ताण, अपुरी झोप, चुकलेलं जेवण, तासन्‌तास एकाच पोझिशनमध्ये बसणं याने ती चाळवते. एखाद्याला यातलं काहीच नसताना होते. तेव्हा घरातल्या कुणी "तू उगाच टेन्शन घेतेस" म्हटलं तर तो निदानाचा भाग नव्हे.

पित्त, चष्मा, बीपी, सायनस

आपल्याकडे डोकेदुखीचं पहिलं नाव पित्त. "उलटी झाली, पित्त पडलं, की डोकं उतरतं" असं सांगणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा अर्धशिशी असते. मळमळ आणि उलटी हा अर्धशिशीचाच भाग आहे आणि उलटीनंतर ती कधी कधी ओसरते. त्यामुळे दोष पोटावर जातो. मग वर्षानुवर्षं सकाळी उपाशीपोटी अॅसिडिटीची गोळी, मिठाचं पाणी पिऊन उलटी काढणं, हे चालू राहतं. तुमचं दुखणं असं असेल तर हा लेख बाजूला ठेवून अर्धशिशीच्या उपचारांबद्दल डॉक्टरांशी बोला. उपाशी राहिल्याने डोकं दुखणं ही वेगळी गोष्ट आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

चष्मा: चाळिशीत जवळचं दिसेनासं झालं आणि मोबाइल लांब धरावा लागत असेल तर डोळे तपासून घ्या. मात्र नंबर वाढणं हे रोजच्या डोकेदुखीचं कारण क्वचितच निघतं. नवा चष्मा करून महिना झाला तरी दुखतच असेल, तर पुन्हा नंबर काढण्यात पैसे घालवू नका.

बीपी: नेहमीचं वाढलेलं बीपी, म्हणजे १५०/९५ वगैरे, सहसा डोकं दुखवत नाही. म्हणूनच तर ते वर्षानुवर्षं कळत नाही. डोकं दुखत असताना बीपी मोजलं आणि थोडं जास्त आलं, तर ते दुखण्यामुळे वाढलेलंही असू शकतं. शांतपणे बसून, वेगळ्या दिवशी पुन्हा मोजा. आकडा १८०/१२० च्या घरात गेला आणि सोबत डोकं दुखणं, धूसर दिसणं, छातीत दुखणं असेल तर लगेच दवाखाना गाठा.

सायनस: नाकातून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, ताप, वास न येणं हे असेल तर सायनसचा संशय रास्त. यातलं काही नसताना केवळ कपाळ दुखतं म्हणून अँटिबायोटिक घेऊ नका.

आधी या खुणा तपासा

पुढचे उपाय करण्याआधी ही यादी वाचा. यातली एकही गोष्ट तुमच्या बाबतीत खरी असेल तर घरगुती उपाय थांबवा.

लगेच रुग्णालयात, गरज पडल्यास १०८ ला फोन करून:

- काही सेकंदांत किंवा एखाद्या मिनिटात कळस गाठणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी भयंकर डोकेदुखी.
- ताप आणि मान ताठणं, गुंगी, बरळणं.
- तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलताना अडखळणं, आकडी.
- डोकं दुखून एक डोळा लाल होणं, दिसणं अंधुक होणं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं.
- गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यानंतर, किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत, नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी. "बाळंतिणीचं डोकं दुखतंच, कान बांधून झोप" असं सांगून तिला घरी बसवू नका. बीपी मोजणं आणि मेंदूतल्या शिरेत गुठळी नाही ना हे पाहणं तातडीचं असतं.

एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे:

- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. चावताना जबडा दुखत असेल किंवा केस विंचरताना डोक्याची कातडी दुखत असेल तर त्याच दिवशी जा.
- डोक्याला मार लागल्यानंतरची. वयस्क माणसं आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणारे यांच्यात मेंदूभोवतीचा रक्तस्राव पडल्यानंतर काही आठवड्यांनीही त्रास देतो. बाथरूममध्ये घसरून पडल्याचं तोवर घरचे विसरलेले असतात.
- दोन-तीन आठवडे वाढत चाललेलं दुखणं, बारीक ताप, वजन घटणं. आपल्या देशात मेंदूच्या आवरणाचा टीबी या वेशात येतो.
- पहाटे जाग येण्याइतकं दुखणं, खोकताना किंवा वाकल्यावर वाढणारं दुखणं.
- कर्करोग किंवा एचआयव्ही असलेल्या व्यक्तीची नवी डोकेदुखी.

आणि एक खूण घराची. घरातल्या दोघातिघांचं डोकं एकाच वेळी दुखतंय, मळमळतंय आणि बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, तर खिडक्या-दारं उघडून सगळ्यांनी आधी बाहेर पडा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद बाथरूममधल्या गिझरने थंडीच्या दिवसांत माणसं दगावतात. बाहेर आलात म्हणून तिथेच थांबू नका. सगळ्यांना रुग्णालयात तपासून घ्या.

आता दिवस मोजा

भिंतीवरचं कालनिर्णय पुरेसं आहे. अॅपची गरज नाही. डोकं दुखलं त्या तारखेच्या चौकोनात एक टिंब. गोळी घेतली तर त्याच चौकोनात एक फुली, मग ती गोळी अर्धी असो की तीन. दुधाचे खाडे मांडतो तसंच. शक्य असेल तर दोन शब्द जोडा: "झोप नाही", "जेवण ३ वाजता", "पाळी". एवढंच चार ते आठ आठवडे. तीव्रतेला दहापैकी गुण देण्याच्या भानगडीत पडलात तर आठवड्याभरात कंटाळून सोडून द्याल.

महिनाअखेरीस टिंबं मोजा:

- एखादं टिंब किंवा तेही नाही: दुखेल तेव्हा गोळी घ्या आणि विसरा.
- दोन ते चौदा: गोळीला मर्यादा घाला आणि गोळीशिवायचे उपाय मनावर घ्या.
- पंधरा किंवा जास्त, आणि हे तीन महिन्यांहून अधिक चाललंय: ही जुनाट डोकेदुखी झाली. वेदनाशामक गोळी आता तुमचं औषध उरलेलं नाही. डॉक्टरांकडून प्रतिबंधक उपचार घ्यायला हवेत.

गोळी घ्यायची तर

पहिली पसंती साध्या, एकाच घटकाच्या गोळीला द्या.

पॅरासिटामॉल: धडधाकट प्रौढासाठी, वजन ५० किलोच्या वर असेल तर, एका वेळी १००० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन. पुढचा डोस किमान चार ते सहा तासांनी, आणि चोवीस तासांत ४००० मिलिग्रॅमच्या वर कधीही नाही. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल, रोज दारू पीत असाल तर ही मर्यादा बरीच खाली येते. ती डॉक्टरांना विचारा.

आयब्युप्रोफेन: ४०० मिलिग्रॅम, जेवणानंतर. बऱ्याच जणांना पॅरासिटामॉलपेक्षा हिचा जास्त गुण येतो. पण किडनीचा विकार, जठरात व्रण, हृदयविकार, रक्त पातळ करणारं औषध, वेदनाशामकाने उठणारा दमा, गरोदरपण यांपैकी काही असेल तर घेऊ नका. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर विचारूनच घ्या. ताप आहे आणि गावात डेंग्यूची साथ आहे, तर आयब्युप्रोफेन आणि अॅस्पिरिन दोन्ही टाळा, पॅरासिटामॉलवर भागवा.

गोळी दुखणं सुरू होताच, पूर्ण मात्रेत घ्या. सकाळी अर्धी, दुपारी अर्धी असं तोडून घेतल्याने गुण येत नाही आणि फुली मात्र पडते.

घोटाळे होतात ते इथे:

- नावं वेगळी, घटक तोच. तापाची गोळी, सर्दीची गोळी, अंगदुखीची गोळी आणि डोकेदुखीची गोळी या चारही पाकिटांत पॅरासिटामॉल असू शकतं. नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते.
- मेडिकलवाला पाकिटातून दोन गोळ्या कापून देतो. नाव आणि मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावर राहते आणि तुमच्या पर्समध्ये निनावी चांदीचा चौकोन येतो. पाकिटाचा नाव असलेला तुकडा मागा, नाहीतर अख्खं पाकीट घ्या.
- कॅफिन घातलेल्या जोडगोळ्यांनी लवकर उतार पडतो, हे खरं. त्यांची सवयही तितक्याच लवकर लागते.
- ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्या, अर्गोटामिन असलेली अर्धशिशीची गोळी, झोपेची गोळी आणि "मसल रिलॅक्संट" यांचं या डोकेदुखीत काम नाही. शेजारणीला गुण आला म्हणून तिच्या डबीतली घेऊ नका.

आणि मर्यादा: आठवड्यातून दोन दिवस. तिसऱ्या दिवशी गोळी लागतेय असं सलग काही आठवडे झालं, की पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

गोळीमुळेच दुखू लागतं तेव्हा

हे ऐकून रुग्ण माझ्याकडे अविश्वासाने पाहतात. डोकं दुखतं म्हणून गोळी घेतो, आणि डॉक्टर म्हणतात गोळी घेता म्हणून डोकं दुखतं! पण हा आजार मान्यताप्राप्त आहे आणि त्याचे निकष ठरलेले आहेत. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, किंवा कॅफिन वगैरे घातलेल्या जोडगोळ्या, ट्रिप्टान किंवा अर्गोटामिन ही अर्धशिशीची औषधं, अफूच्या जातीतली वेदनाशामकं महिन्यात १० किंवा अधिक दिवस, हे तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर औषधच डोकेदुखी टिकवून धरू शकतं.

ओळखायचं कसं? सकाळी उठतानाच डोकं जड. चहाबरोबर गोळी. दुपारपर्यंत बरं, चारला पुन्हा सुरू. प्रवासाला निघताना सगळ्यात आधी गोळ्या घेतल्या की नाही ते पाहिलं जातं. दुखण्याआधीच, "आज लग्नाला जायचंय, डोकं दुखायला नको" म्हणून एक घेतली जाते. दवाखान्यात पर्स उलटी करायला सांगितली की रुमाल, लोकलचा पास आणि किल्ल्यांबरोबर तीन कंपन्यांची अर्धीमुर्धी पाकिटं टेबलावर येतात, आणि बाई स्वतःच म्हणतात, "एवढ्या होत्या होय!"

उपाय एकच आहे: ती गोळी बंद. साधी वेदनाशामक एकदम बंद करता येते. ट्रामाडॉल, कोडीन किंवा झोपेच्या गोळ्या रोज घेत असाल तर मात्र मनाने बंद करू नका. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवाव्या लागतात. बंद केल्यावर काय होतं ते आधीच जाणून घ्या. पहिले दोन ते दहा दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, मळमळतं, झोप उडते, चिडचिड होते. बहुतेक लोक इथेच हार मानतात आणि "मला गोळीशिवाय जमत नाही" असा निष्कर्ष काढतात. हा काळ सरला की दुखण्याचे दिवस कमी होऊ लागतात. पूर्ण फरक कळायला एक-दोन महिने जातात. म्हणून तारीख ठरवून बंद करा. परीक्षा, मार्चअखेर, घरातलं कार्य यांच्या तोंडावर नको. घरच्यांना सांगा, ऑफिसात शक्य असेल तर दोन दिवस रजा टाका, आणि तेव्हाच प्रतिबंधक औषध सुरू करायचं का हे डॉक्टरांना विचारा.

गोळीशिवाय काय करता येतं

मान आणि खांदे. गरम पाण्याची पिशवी मानेमागे पंधरा-वीस मिनिटं. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला येईल इतकी उंच करा. लॅपटॉपखाली दोन जाड पुस्तकं आणि वेगळा कीबोर्ड एवढ्यात काम होतं. दर अर्ध्या तासाने उठा. खांदे कानांपर्यंत उचलून पाच आकडे थांबा, सोडून द्या. हनुवटी गळ्याकडे आत ओढा, मान सरळ ठेवून पाच आकडे थांबा. प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून तीनदा. फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीन वेळा जाऊन व्यायाम शिकून घेणं फायद्याचं. महिनोन्‌महिने मशीन लावून घेणं तितकंसं नाही.

जबडा. काम करताना, गाडी चालवताना वरचे-खालचे दात एकमेकांवर घट्ट दाबलेले आहेत का, हे लक्ष ठेवून पाहा. तोंड मिटलेलं असलं तरी दात सुटे असायला हवेत. झोपेत दात खाण्याची सवय जोडीदाराला ठाऊक असते; दंतवैद्याला दाखवा. जोडीदार घोरण्याचीही तक्रार करत असेल आणि सकाळी उठतानाच डोकं दुखत असेल, तर झोपेत श्वास अडकतो का, हे तपासून घ्या.

ढिलाईचा सराव. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी ही पद्धत मांडली. १९२९ साली त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं. वारंवार होणाऱ्या तणावजन्य डोकेदुखीत ती उपयोगी पडते. करायचं ते इतकंच:

- खुर्चीत टेकून बसा किंवा पाठीवर पडा. उजवी मूठ पाच सेकंद घट्ट आवळा, मग सोडून वीस सेकंद तिचं सैल होणं अनुभवा.
- असंच क्रमाने डावी मूठ, दंड, कपाळ, डोळे, जबडा, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या.
- रोज एकदा, पंधरा मिनिटं. दुखत नसेल तेव्हाही. दुखायला लागल्यावर पहिल्यांदा करून पाहणाऱ्याला काही होत नाही आणि तो सोडून देतो.

शवासन किंवा योगनिद्रा रीतसर शिकला असाल तर तेच करा, वेगळं काही लागत नाही. शीर्षासन, सर्वांगासन मात्र मान दुखत असताना नको.

जेवण, पाणी, चहा. एकादशी, चतुर्थी, नवरात्र, रोजे या दिवसांत डोकं धरतं त्यामागे तीन गोष्टी एकत्र येतात: रिकामं पोट, कमी पाणी आणि चुकलेला चहा. रोज पाच-सहा कप चहा पिणाऱ्याने तो एकदम सोडला की चोवीस तासांच्या आत डोकं दुखू शकतं. उपवास करायचाच असेल तर आधीच्या आठवड्यात दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी करत या, आणि व्रतात चालत असेल तर पाणी टाळू नका. एरवी दिवसाला दोन-तीन कप, रोज त्याच वेळेला.

दाबणाऱ्या वस्तू. लहान मापाचं हेल्मेट, घट्ट बांधलेला अंबाडा, कपाळावरून आवळलेली ओढणी. काढल्यावर तासाभरात दुखणं थांबतं का पाहा. थांबत असेल तर हेल्मेट योग्य मापाचं घ्या. घालायचं सोडू नका, हे पुण्यात राहणाऱ्यांना जरा जोर देऊन सांगावं लागतं.

बाम, तेल, सुंठ. १८९३ साली मुंबईत सुरू झालेल्या अमृतांजनापासून आजवर घराघरांत बामाची बाटली आहे, आणि ती अगदीच भोळी समजूत नाही. कपाळाला लावलेल्या पेपरमिंट तेलाने तणावजन्य डोकेदुखी कमी होते असं अभ्यासांत दिसलंय. पुदिन्यातलं मेंथॉल बामातही असतं. डोळ्यांपासून दूर लावा आणि लहान मुलांच्या नाकाजवळ नको. उगाळलेल्या सुंठीचा लेप काही जणांची कातडी भाजतो; आधी हाताला लावून पाहा. डोक्याला तेल चोळून घेण्याने हानी नाही, बरं वाटतं, आणि अर्धा तास फोन हातात नसतो हाही त्यातला फायदा.

मान मोडून घेऊ नका. सलूनमध्ये मालिश झाल्यावर झटका देऊन मान कडकडा वाजवून देतात. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीचं अस्तर अशा झटक्याने फाटू शकतं आणि पक्षाघात होऊ शकतो. क्वचित घडतं, पण ज्याला घडतं तो तरुण असतो. "नुसतं डोकं चोळा" एवढं आधीच सांगून ठेवा.

पंधरा टिंबांच्या पुढे

जुनाट तणावजन्य डोकेदुखीत सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं औषध अॅमिट्रिप्टिलीन. ते मुळात नैराश्यावरचं, म्हणून मेडिकलवाल्याने किंवा इंटरनेटने "ही तर डिप्रेशनची गोळी" म्हटलं की रुग्ण ती कचऱ्यात टाकतात. इथे तिची मात्रा पुष्कळ कमी असते आणि काम वेदनेची यंत्रणा शांत करण्याचं असतं. डॉक्टरांनी ती दिली म्हणजे तुमचं दुखणं खोटं ठरवलं असं नाही.

- सुरुवात सहसा रात्री १० मिलिग्रॅमने, झोपेच्या एक-दोन तास आधी. मात्रा हळूहळू वाढवतात.
- गुण यायला चार ते सहा आठवडे. दुखेल तेव्हा घ्यायची ही गोळी नव्हे, रोज घ्यायची.
- तोंड कोरडं पडणं, सकाळी गुंगी, बद्धकोष्ठता, वजन वाढणं हे त्रास होतात. गुंगी असेल तर गोळी आणखी लवकर घ्या आणि पहिले काही दिवस सकाळी गाडी जपून चालवा.
- काचबिंदू, प्रोस्टेटमुळे लघवी अडकणं, हृदयाच्या ठोक्यांचा विकार आणि इतर सगळ्या चालू गोळ्या डॉक्टरांना आधी सांगा.
- बरं वाटलं म्हणून एकदम सोडू नका. साधारण सहा महिन्यांनी मात्रा उतरवत नेऊन पाहतात. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. जादा मात्रा जिवावर बेतते.

हे शेड्यूल एचमधलं औषध आहे, चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. गोळी नको असेल तर अॅक्युपंक्चर आणि मानसोपचारातली सीबीटी ही पद्धत हे मान्य पर्याय आहेत. ताण, उदासी, झोप उडणं हे दुखण्याबरोबरीने असेल तर टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

तपासणीच्या खोलीत तुमचे हक्क

कॅलेंडरची दोन पानं आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. "कधी कधी दुखतं" यापेक्षा "गेल्या महिन्यात अकरा दिवस, त्यातले नऊ दिवस गोळी" या वाक्याने तपासणी दुप्पट उपयोगी होते.

- सीटी किंवा एमआरआय सांगितला तर विचारा: "यात नेमकं काय शोधताय? ते सापडलं नाही तर उपचार बदलेल का?" वरच्या यादीतली एकही खूण नसेल आणि डॉक्टरांनी हाताने केलेली मज्जासंस्थेची तपासणी नॉर्मल असेल, तर या डोकेदुखीला स्कॅनची गरज सहसा नसते. असं विचारणं उद्धटपणा नाही.
- चिठ्ठी वाचता येईल अशी आणि औषधाच्या मूळ नावासह मागा. मूळ नाव असेल तर जनऔषधी केंद्रातून तेच औषध स्वस्तात मिळतं.
- आपल्या आजाराच्या नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत मिळाल्या पाहिजेत, हे डॉक्टरांच्या आचारसंहितेत आहे. दुसरं मत घ्यायला त्या लागतात, आणि दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे.
- राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. न्यूरॉलॉजिस्टची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. पहिलं निदान एमबीबीएस डॉक्टरही करू शकतात.
- ईएसआयसीत नाव असेल तर रजेच्या दाखल्यासाठी त्यांच्याच दवाखान्यात नोंद करा. खासगी डॉक्टरांच्या दाखल्यावर पुढे वाद होतात.

शाळकरी मुलाचं डोकं दुखत असेल तर

मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते. अॅस्पिरिन सोळा वर्षांखालच्यांना द्यायचीच नाही. फळ्यावरचं दिसतं का, सकाळी खाऊन जातो का, पाण्याची बाटली भरलेलीच परत येते का, रात्री किती वाजता झोपतो, हे आधी पाहा. शाळा असलेल्या दिवशीच दुखत असेल तर रागावण्याआधी वर्गात काय चाललंय ते विचारा. सकाळी उठल्या उठल्या उलट्या, तोल जाणं, डोळा तिरळा होणं, किंवा पाच वर्षांखालच्या मुलाने वारंवार डोकं धरणं, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या.